बावीस तासांची गोळी

अप्पांच्या शिंकेनं माझ्या थोरल्या बहिणीची दोन लग्नं मोडली. तिसरं मोडू नये म्हणून मी माझ्या बी.एस्सी.चा उपयोग करायचं ठरवलं. त्या पदवीचा उपयोग करायला दुसरी जागा तेव्हा उपलब्ध नव्हती, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, एका कापडगिरणीच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. गिरणीतला कापसाचा भुगा उडत उडत टाइम ऑफिसपर्यंत यायचा आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यातला बराचसा अप्पांनी नाकात जमा करून घेतला होता. त्यांची शिंक एकटी कधी येत नसे. पहिली इशाऱ्याची, मग तीन कामाच्या, आणि सगळं संपलं असं समजून माणसं बोलायला लागली की पाचवी. पाचवीला भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. शेजारच्या सुंदरम्मा एकदा गिरणीचा भोंगा झाला असं समजून नवऱ्याचा डबा भरून मोकळ्या झाल्या होत्या.

नुसत्या शिंकेचं कुणाला काही नव्हतं. पण सुपारी फोडताना मुलीचा बाप पाच वेळा शिंकला तर पाहुणे उठतात. आमच्याकडे दोनदा उठले.

पहिले बार्शीचे. मुलगा चाळिशीचा, केस शाईसारखे काळे आणि मानेवर शाई थोडी ओघळलेली. बैठक जमली, सुपारी पाटावर ठेवली, आतून चटणी कुटल्याचा आवाज येत होता. हे सांगायला हवं, की पाहुण्यांबरोबर बांधून द्यायची शेंगाचटणी आमच्याकडे पाहुणे बसलेले असतानाच कुटतात. ताजी दिली याचा पुरावा म्हणून उखळाचा आवाज बैठकीत ऐकू जावा लागतो. तर आवाज चालू होता, सुपारीवर दगड उचलला, आणि अप्पा शिंकले. पाच. दुसरे अक्कलकोटकडचे. "आमच्या सुना उंबरा ओलांडत न्हाईत," असं त्यांच्या थोरल्यांनी दोनदा सांगितलं. एकदा अभिमानानं आणि एकदा कुणी ऐकलं नसेल म्हणून. पुन्हा पाट, सुपारी, उखळ, शिंक. हे पाहुणे उठले, पण चटणी मात्र मागून घेऊन गेले.

तिसरे होटगीचे. मुलगा रेवणसिद्ध, होटगी स्टेशनवर बुकिंग क्लार्क. माझी बहीण दाक्षायणी एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. शाळेची सहल नेताना होटगीला गाडी बदलायची होती, तेव्हा तिनं त्याला पाहिलं होतं. त्यानं बेचाळीस अर्धी तिकिटं एकही चूक न करता फाडली आणि बेचाळीस पोरं डब्यात मोजून चढवली, एवढंच ती सांगायची. अक्काच्या तोंडून एखाद्याची एवढी स्तुती मी त्याआधी ऐकली नव्हती.

"चन्नू," ती मला म्हणाली, "या बारीला अप्पा शिंकायला नकोत."

ती या आवाजात बोलली की तिसरीची मुलं तोंडावर बोट ठेवतात. मीही ठेवलं. हातात बारा दिवस होते. अठ्ठ्याहत्तर सालचा मे महिना होता.

डॉक्टरांनी अप्पांना तपासलं आणि एक नवीन कॅप्सूल लिहून दिली. अर्धी तांबडी, अर्धी काचेसारखी, आत खसखशीएवढे रंगीत दाणे. "यातले काही दाणे लगेच विरघळतात," डॉक्टर म्हणाले, "काही तीन तासांनी, काही सहा तासांनी. औषध पोटात टप्प्याटप्प्यानं सुटतं. एक घेतली की बारा तास शिंक नाही." मला त्या कॅप्सूलबद्दल एकदम आदर वाटला. कामं वाटून घेऊन आपापल्या वेळेला हजर होणारे एवढे जण मी कुठल्याच कचेरीत पाहिले नव्हते.

दहा कॅप्सूलची पट्टी घेऊन आम्ही घरी आलो. दानम्मा आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, दारातच होती. घरात काय चालेल आणि काय चालणार नाही हे आत्या ठरवायची. अव्वाचं, म्हणजे आईचं, स्वतंत्र मत असायचं, पण ते आत्याच्या मतानंतर पाच मिनिटांनी तेच निघायचं.

"वरचं ते कशाचं असतंय रे?" आत्यानं कॅप्सूल उजेडात धरून विचारलं.

इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तीन वर्षं फी भरून शिकलेली माहिती कुणीतरी आपणहून विचारत होतं.

"जिलेटिन," मी म्हणालो. "जनावरांची हाडं आणि कातडं उकळून करतात."

आत्यानं कॅप्सूल खाली ठेवली आणि हात धुऊन आली. मग अप्पांच्या गळ्यातल्या, लिंग ठेवायच्या चांदीच्या करडग्याकडे बोट दाखवून म्हणाली, "गळ्यात लिंग, आन पोटात हाड?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. फक्त मला शिकवलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार करत असावेत. मग ते पाच वेळा शिंकले.

"काळजी करू नका," मी म्हणालो. "आपण वरचं टरफल बदलू. मी शाकाहारी करतो."

माझ्या आयुष्यात मी एवढ्या सहजपणे एवढं मोठं वाक्य पुन्हा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार कॅप्सूल उघडून दाणे एका वाटीत काढले आणि टरफलासाठी काय वापरावं याचा विचार करत गच्चीवर गेलो. खाली येईपर्यंत आत्यानं दाणे धुतले होते.

"हाडाच्या डबीत ऱ्हायल्यात इतके दिवस," ती म्हणाली. "तीन पाण्यांनी काढले."

तांदूळ धुवावेत तसे धुतले होते. लगेच विरघळणारे दाणे लगेच विरघळले होते, तीन तासांचे निम्मे गेले होते, आणि उरलेले एकमेकांना चिकटून बसले होते. पुढं दोन-तीन दिवस आमच्या मोरीतली घूस भर दुपारी मोरीच्या तोंडाशी डोळे मिटून पडलेली असायची. औषध चांगलं होतं याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

राहिलेल्या सहा कॅप्सूलबाबत तडजोड झाली. दाणे धुवायचे नाहीत. त्यांच्यावर चिमूटभर विभूती टाकायची. विभूतीनं शुद्धी होते आणि दाणे विरघळत नाहीत, म्हणजे धर्म आणि रसायनशास्त्र दोघांचीही हरकत नव्हती.

आता कवच. गल्लीच्या तोंडाशी फर्निचरला पॉलिश मारणारा एक माणूस बसायचा. तो म्हणाला, "लाख चढीव. मोठमोठ्या कंपन्या गोळ्यांना लाखच चढवत्यात. टेबलाला चढती ती गोळीला न चढायला काय झालं?" मुद्दा बिनतोड होता. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि स्पिरिटला परवाना लागतो. तो त्याच्या परवान्यातलं थेंबभर द्यायला तयार नव्हता. तेव्हा मी त्या कचेरीत गेलो जिथं असे परवाने देतात. कचेरीचं नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांची आणि माझी अजून रस्त्यात गाठ पडते.

"स्पिरिट कशाला पाहिजे?" टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं.

"लाख विरघळवायला."

"लाख कशाला?"

"गोळीवर चढवायला."

"गोळी कशाची?"

"शिंकेची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिंक येण्याची का न येण्याची?"

"न येण्याची."

"आजारी कोण?"

"वडील."

"मग वडिलांनी यायला पाहिजे."

"ते आले तर इथं शिंकतील."

"शिंकू दे की. तेवढाच पुरावा."

अप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. आम्ही त्या कचेरीत बाकावर पावणेदोन तास बसलो. समोरचे गृहस्थ मधूनमधून मान वर करून अप्पांच्या नाकाकडे बघायचे. धूळ तिथं भरपूर होती, पण ती कागदाची होती. अप्पांचं नाक कापसाचं. त्यांना एकही शिंक आली नाही. उलट ते म्हणाले, "चन्नू, इथं फार बरं वाटतंय रे." अर्जावर लाल शाईत शेरा पडला: 'अर्जदाराचे वडील समक्ष शिंकले नाहीत. सबब नामंजूर.'

घरी येऊन ही हकिगत सांगितली तर आत्या म्हणाली, "बरं झालं. लाख म्हंजे किड्यांचंच की काम." ही माहिती तिला पॉलिशवाल्यानंच दिली होती. माहिती असलेल्या माणसांनी शहर भरलेलं होतं.

मग मेण. मेण मधमाशीचं असतं, पण मध देवाला चालतो म्हणून मेणही चालवून घ्यावं, असा निवाडा अर्ध्या दुपारच्या चर्चेनंतर मिळाला. मी दोन कॅप्सूलच्या दाण्यांच्या दोन गोळ्या वळल्या, वितळलेल्या मेणात बुडवल्या, सुरेख झाल्या. बशीत घालून खिडकीत ठेवल्या. सोलापूरचा मे महिना हा या प्रयोगातला एक घटक आहे हे मी धरलं नव्हतं. दुपारी तीन वाजता बशीत गोळ्या नव्हत्या, एक पातळसर तळं होतं आणि त्यात दोन मुंग्या गाढ झोपलेल्या होत्या.

आता चार कॅप्सूल आणि सहा दिवस उरले.  अक्का रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "कुठवर आलं?" आणि मी जे सांगेन ते ऐकून, नापास होणाऱ्या मुलाकडे बघावं तसं, प्रेमळपणे बघायची.

त्या बशीकडे बघत मी ओट्यावर बसलो असताना सुंदरम्मा आल्या. त्यांच्या घरात पुढच्या सोप्यात दोन हातमाग होते आणि दिवसभर खटखट चालू असायची.

"एंदिरा इदि?" त्यांनी बशी बघून विचारलं. वैतागल्या की त्या तेलुगूत शिरायच्या. मी सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "सुताला खळ लावतो की आमी. मागावर धागा घासतोय, वडला जातोय, तुटत न्हाई. का? वर खळ असती. आन कापड पाण्यात घातलं की खळ जाती. धागा हाय तसा. तुला तेच पायजे न्हवं का?"

मी उठून उभा राहिलो. आत असेल ते वाटेत जपायचं आणि पाण्यात गेल्यावर सोडायचं. तीन वर्षं जे मी पुस्तकात वाचलं ते माझ्या भिंतीपलीकडं दिवसभर खटखट करत होतं.

"आमचीच घे की," सुंदरम्मा म्हणाल्या. "चिंचोक्याचं पीठ शिजवायचं. घरचंच असतंय."

इथं माझी दुसरी चूक झाली. पहिली अज्ञानाची नव्हती तशी हीही नव्हती. मला वाटलं, घरी डोळ्याच्या अंदाजानं शिजवलेली खळ शास्त्रीय कामाला कशी चालेल? प्रमाण नको? तपमान नको? अप्पांच्या गिरणीत सूत खळवायचं स्वतंत्र खातं होतं, तिथं घड्याळं आणि काटे लावलेले मोठमोठे हंडे होते. मी सुंदरम्मांचे आभार मानले आणि गिरणीची खळ आणायला निघालो. त्यांनी खांदे उडवले आणि मागावर जाऊन बसल्या.

त्या खात्यातले जॉबर, म्हणजे मुकादम, सिद्धाराम अप्पांना फार मानायचे, मालकच म्हणायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या तळच्या कप्प्यात गरम खळ भरून आणली. "मालकांच्या पोटाला म्हणून येक नंबरची आणली," ते म्हणाले. "जाड सुताची."

खळ खरोखर एक नंबरची होती. मी ज्वारीच्या पिठाच्या उंड्यात एकेका कॅप्सूलचे दाणे घालून चार गोळ्या केल्या, खळीत बुडवल्या, गच्चीवर उन्हात वाळवल्या, पुन्हा बुडवल्या. जो मे महिना मेणाला भोवला तोच इथं कामाला आला. सात थर. शेवटी प्रत्येक गोळी मध्यम बोराएवढी झाली आणि फरशीवर टाकली तर खणकन वाजायची.

अप्पांनी एक हातात घेऊन वजन केलं. "ही गिळायची," त्यांनी विचारलं, "का हिची प्रतिष्ठापना करायची?"

पण शास्त्रात आधी चाचणी असते. एक गोळी मी ताकाच्या बरणीत टाकली. पोटातली उष्णता आणायला वेगळं काही करावं लागलं नाही. सावलीतसुद्धा पोटापेक्षा जास्त होती. संध्याकाळपर्यंत गोळी तशीच. रात्री जेवताना अव्वानं ती बरणी कढीला वापरली, त्यामुळं पुढचे आकडे मिळाले नाहीत. कढी खाऊन कुणाला काही झालं नाही. गोळी सकाळी पातेल्याच्या बुडाशी सापडली, उकडलेली.

दुसरी मी स्वतः गिळली. सोमवारी दुपारी बारा वाजता, भोंग्याच्या ठोक्याला. गिळणं या क्रियेबद्दल मी पूर्वी कधी इतका विचार केला नव्हता. मग वही घेऊन बसलो. एक वाजता: काही नाही. चार वाजता: काही नाही. रात्री: काही नाही, सुंदरम्मा विचारून गेल्या. मंगळवारी सकाळी मी निराश मनानं नोकरीच्या नोंदणी कचेरीत गेलो, तिथं माझ्या कार्डाचं नूतनीकरण होतं. दहा वाजता मी रांगेत उभा होतो. त्यानंतरचं मला लोकांनी सांगितलं. मी उभ्या उभ्या झोपलो होतो. रांग माझ्या दोन्ही बाजूंनी, ओढ्यात धोंडा असावा तशी पुढं सरकत गेली. कुणीतरी माझ्या हातातलं कार्ड काढून खिडकीत दिलं, आणि तिथल्या बाईंनी माझ्याकडं बघून माझ्या नावापुढं 'शारीरिक श्रमाची कामे नकोत' असं लिहिलं. दुपारी दोनला जागा झालो तेव्हा रांगेत मी एकटाच होतो. पण मला आनंद झाला. दुपारी बारा ते सकाळी दहा: बावीस तास. गोळी काम करत होती! एवढंच की ती सरकारी गतीनं करत होती.

पाहुणे गुरुवारी सकाळी दहाला येणार होते. म्हणजे अप्पांनी बुधवारी दुपारी बाराला गोळी घ्यायची. त्यांनी घेतली. लोटाभर पाणी प्यायले, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "दाक्षायणीसाठी म्हणून." मीही थोडा हललो, पण लगेच सावरलो, कारण वेळ वहीत लिहायची होती.

गुरुवारी सकाळी आठला आत्यानं अप्पांना उरलेली शेवटची गोळी दिली. "येकानं भागलं न्हाई तर?" तिनं मला नंतर सांगितलं. ती गोळी शुक्रवारी सकाळी सहाला सुटणार होती, पण शुक्रवारची कुणाला फिकीर होती?

होटगीकर वेळेवर आले. मुलाचे वडील शिवमूर्तप्पा धोतर-कोटात, शांत, प्रत्येक वाक्याआधी विचार करणारे. रेवणसिद्ध दाराजवळच्या खुर्चीवर बसला, रस्त्याकडे पाठ करून. अक्का चहा देऊन गेली. आत्यानं तिला दारातून विचारलं, "अगं, चटणी कुटायची ऱ्हायली का?"

"आधीच करून ठेवलीय, आत्या."

आत्याला हे आवडलं नाही. पुरावा ऐकू जात नव्हता. पण तिचंही लक्ष अप्पांच्या नाकाकडं होतं. आमच्या सगळ्यांचंच होतं. अप्पा पाटावर पाठ ताठ करून बसले होते. दहा वाजले. त्यांच्या पापण्या जड झाल्या, अर्ध्यावर आल्या आणि तिथंच थांबल्या. डोळे उघडे होते असं म्हणता येईल, पण आत कुणी नव्हतं. शिवमूर्तप्पांवर या गांभीर्याचा चांगला परिणाम झाला. "गिरणीतला माणूस," ते हळूच म्हणाले, "पण बोलणं किती तोलून!"

पाटावर सुपारी ठेवली. दगड आणला. शिवमूर्तप्पांनी घसा साफ केला.

"एक बारीक गोष्ट हाय," ते म्हणाले. "लग्नानंतर मुलीनं शाळा सोडावी. घरात माणूस लागतंय. तुमची हरकत न्हाई न्हवं?"

सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांची मान हळूहळू खाली गेली, छातीला टेकली आणि परत वर आली. पुन्हा खाली गेली.

"झालं तर मग," शिवमूर्तप्पा म्हणाले.

मला ओरडून सांगायचं होतं की तो होकार नाही, ते माझं औषध आहे. पण ते सांगायचं तर वडील झोपलेत हे सांगावं लागलं असतं. मी आतल्या दाराकडं पाहिलं. अक्का उंबऱ्याशी उभी होती. तिनं अप्पांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत गेली.

आणि उखळाचा आवाज सुरू झाला.

तो शेंगदाण्याचा आवाज नव्हता. शेंगदाणे कुटताना आवाज मऊ येतो. हा सुक्या मिरचीचा होता, आणि मुसळ फार वरून येत होतं. अर्ध्या मिनिटात मिरचीचा खाट, म्हणजे नाकातोंडात झोंबणारी धूळ, बैठकीत पोचला. शिवमूर्तप्पा खोकायला लागले. आत्यानं पदर नाकाला लावला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्यातूनही मी अप्पांकडं बघत होतो. आता जातंय सगळं. आता पाच.

अप्पा शांत. मिरची त्यांच्या नाकात शिरली असेल, पण आत सात थरांचा बंदोबस्त होता. त्यांनी फक्त मान एकदा खाली घालून परत वर आणली.

"आक्... छी."

दाराजवळून आलं. रेवणसिद्ध शिंकला होता. एकच शिंक, स्वच्छ, सावकाश, गाडीची घोषणा करावी तशी. शास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवून ठेवतो: वारा रस्त्याकडून आत येत होता. रेवणसिद्धच्या खुर्चीपर्यंत खाट पोचलेलाच नव्हता.

शिवमूर्तप्पांचा चेहरा उतरला. "आमच्याच पोराला शिंक?" ते पुटपुटले आणि उठायला लागले.

"बसा," आत्या म्हणाली. शकुनाच्या बाबतीत तिच्यासमोर कुणाचं चालत नसे. "सुपारी अजून फोडली न्हाई, म्हंजे शिंक सुपारीवर न्हाई. शिंक आली ती तुमच्या बोलण्यावर. काय बोलला होता शेवटचं?"

"शाळा सोडायचं."

"ते मागं घ्या. पाणी प्या. आन फोडा सुपारी."

शिवमूर्तप्पा विचारात पडले. तेवढ्यात रेवणसिद्धनं खिशातून रुमाल काढून नाकापाशी नेला.

"अप्पा," तो वडिलांना नम्रपणे म्हणाला, "अजून एक येईलसं वाटतंय."

"घेतलं मागं!" शिवमूर्तप्पा ओरडले. "शिकवू दे की! कुणी अडवलंय? फोडा लवकर!"

सुपारी फुटली. उखळ थांबलं.

दुपारच्या पंगतीत आत्या सगळ्यांना सांगत होती की गुण औषधाचा नव्हे, शुद्ध कवचाचा. मी मान डोलावत जिलेबी खात होतो. शेजारच्या पानावर सिद्धाराम होते.

"बाधली न्हाई न्हवं मालकांना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "मला धाकधूक होती. चरबी जरा जास्तच पडली होती त्या हंड्यात."

"कशात चरबी?"

"खळीत. बकऱ्याची. चरबीबिगर जाड सूत मऊ कसं पडंल? पिंपंच्या पिंपं येत्यात की."

जिलेबी माझ्या घशात तिथंच थांबली. पलीकडच्या पानावरून सुंदरम्मांनी माझ्याकडं पाहिलं. "आमच्यात चिंचोका," त्या म्हणाल्या. "फकस्त चिंचोका." आणि पुढचा घास घेतला. मीही माझा गिळला. हे आत्याला अजून माहीत नाही. तिला कन्नड वाचता येतं, मराठी येत नाही, म्हणूनच मी हे मराठीत लिहितो आहे.

अप्पा पाचच्या भोंग्याला जागे झाले. "आले का पाहुणे?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दुसरी गोळी सुटली आणि टाइम ऑफिसचे हेडक्लार्क हजेरीच्या वहीवरच डोकं ठेवून झोपले. नियमानुसार त्यांच्याच कारकुनानं त्यांना गैरहजर मांडलं.

अक्का आवरत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. उखळात नुसती मिरची होती, शेंगदाण्याचा एक दाणा नव्हता. मग मला बार्शीकर आठवले, शाईचे केस आठवले, उंबरा न ओलांडणाऱ्या सुना आठवल्या, आणि दोन्ही वेळेला आतून येणारा तो आवाज आठवला.

"अक्का," मी म्हणालो, "त्या दोन्ही बारीला पण?"

तिनं मुसळ पुसून भिंतीला टेकवलं.

"तुझ्या गोळीला बावीस तास लागतात," ती म्हणाली. "मला दोन मिरच्या."

"आणि रेवणसिद्धला?"

अक्का पाठमोरी झाली, पण हसतेय हे कळत होतं.

"त्याला नुसता आवाज पुरला."